ब्रिटनमधील सामाजिक सुरक्षा : उपकारापासून हक्कापर्यंत

मागील वर्षावासात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, "सर, श्रीमंत देशात सरकार मदत कोणाला करते? तिथे गरीब असतात का?" वर्गात हशा पिकला. परंतु उत्तर आमच्यापैकी कोणालाही नीट देता आले नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. त्याच आठवड्यात आमच्या वस्तीतील एक आजी निराधारांच्या अनुदानासाठी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेल्या होत्या. खिडकीवर रांगेतील सर्वांच्या देखत त्यांना विचारण्यात आले, "मुलगा कमावतो ना? मग तुम्ही निराधार कसल्या?" मुलगा वेगळा राहतो, त्याचेच चार जणांचे भागत नाही, हे सांगण्याइतका धीर त्यांच्यात उरला नाही. त्या कागद पिशवीत घालून घरी आल्या आणि पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत.

या दोन प्रसंगांतून प्रस्तुत लेखाचा विषय निघाला. श्रीमंत देश म्हणून आम्ही ब्रिटन निवडला. त्याला कारण आहे. बाबासाहेब १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. मध्यंतरी परतावे लागल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा तेथे गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी मिळविली. त्यांच्या या दुसऱ्या मुक्कामात त्या संस्थेचे संचालक होते विल्यम बेव्हरिज. पुढे ज्यांच्या अहवालाने ब्रिटनची सामाजिक सुरक्षा उभी राहिली, तेच हे बेव्हरिज. त्यांचा जन्म १८७९ मध्ये बंगालमधील रंगपूर येथे झाला. वडील इंग्रज सरकारचे न्यायाधीश होते. लंडनमधील ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमारास राहिले, ते १० किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, हे आपणांस ठाऊक आहेच.

वर्कहाउस

आज ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखविण्यास पैसे पडत नाहीत आणि म्हातारपणी दर आठवड्याच्या हिशेबाने निवृत्तिवेतन मिळते. हे ऐकले की आपल्याला वाटते, तो देश मुळातच उदार असावा. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या काळात इंग्लंड जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्र होते, त्याच काळात तेथील गरिबांची अवहेलना सर्वाधिक झाली.

गरिबांच्या मदतीचा कायदा तेथे १६०१ पासून होता. प्रत्येक गावाने आपल्या गरिबांसाठी कर गोळा करावा, असे त्याचे स्वरूप होते. १८३४ मध्ये हा कायदा बदलला. नव्या कायद्यामागील तत्त्व विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे, कारण ते आजही निरनिराळ्या वेषांत वावरते. ते तत्त्व असे : मदत घेणाऱ्याची स्थिती ही काम करणाऱ्या सर्वांत गरीब मजुराच्या स्थितीपेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे नाइलाज झाल्याशिवाय कोणी मदत मागणार नाही. यासाठी वर्कहाउस नावाच्या इमारती उभारण्यात आल्या. मदत हवी असेल तर आत या, असा नियम. आत गेल्यावर नवरा एका भागात, बायको दुसऱ्या भागात, मुले तिसऱ्या भागात. अंगावर तेथील गणवेश. काम दगड फोडण्याचे, जुने दोरखंड उसवण्याचे. ॲन्डोव्हर येथील वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडे कुटण्याचे काम होते. भुकेलेले लोक त्या हाडांना चिकटलेले मांस व आतला मगज खात होते, हे १८४५ मध्ये उघडकीस आले आणि देशभर खळबळ उडाली.

चार्ली चॅप्लिन आपण सर्वांनी पडद्यावर पाहिला आहे. १८९६ मध्ये सात वर्षांचा हा मुलगा आई व भावासह लंडनमधील लॅम्बेथ वर्कहाउसमध्ये दाखल झाला होता. त्याच्या चित्रपटांत पोलिसाला घाबरणारा, भुकेला, तरीही टोपी सावरणारा माणूस वारंवार दिसतो. त्याचे मूळ तेथे आहे, असे आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट. गरिबांसाठीची ही मदत ज्याने घेतली, त्याला मतदानास अपात्र ठरविले जाई. ही अपात्रता १९१८ मध्ये काढण्यात आली. पोटासाठी मदत घ्यायची असेल तर नागरिकत्व बाहेर ठेवून या, असाच याचा अर्थ. मताधिकार कोणाला असावा, यावर आपल्याकडे झालेला झगडा ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पाच शिलिंग

गरीब माणूस आळशी असतो म्हणून गरीब असतो, ही समजूत मोडून काढण्याचे काम भाषणांपेक्षा आकडेवारीने अधिक केले. चार्ल्स बूथ या व्यापाऱ्याने १८८६ पासून लंडनमधील गल्ली न् गल्लीची पाहणी केली. सीबोम राउंट्री याने १८९९ मध्ये यॉर्क शहरातील घरे तपासली व १९०१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहराची सुमारे २८ टक्के वस्ती दारिद्र्यात होती. ज्यांचे उत्पन्न केवळ जगण्यासही अपुरे होते, अशा लोकांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या गरिबीचे कारण कमी मजुरी हे होते. घरात कमावता माणूस होता, तो रोज कामावर जात होता आणि तरीही घर उपाशी होते. बूथ यांना तर आढळले की वर्कहाउसकडे नेणारी सर्वांत मोठी वाट म्हातारपणाची आहे.

१९०८ मध्ये लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना वृद्ध निवृत्तिवेतनाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून पैसे मिळू लागले. वयाची अट ७० वर्षे. रक्कम आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, म्हणजे पाव पौंड. ही रक्कम फार नव्हती आणि सत्तरी गाठणारे मजूरही फार नव्हते. परंतु या कायद्यात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली, यासाठी आधी वर्गणी भरण्याची अट नव्हती. दुसरी, पैसे पोस्टात मिळत. वर्कहाउसच्या दारात नव्हे, गरिबांच्या अधिकाऱ्यासमोर नव्हे, तर जेथे श्रीमंत बाईही तिकीट घेण्यास येते त्या पोस्टाच्या खिडकीवर. पहिल्याच वर्षी सुमारे पाच लाख वृद्धांनी हे पैसे घेतले. त्यांत स्त्रिया अधिक होत्या. आम्हांला या कायद्यातील पोस्टाची खिडकी ही रकमेइतकीच महत्त्वाची वाटते. पैसे किती मिळतात याबरोबरच ते कोठे उभे राहून घ्यावे लागतात, यालाही किंमत असते.

१९११ मध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा आला. आजारपणासाठी कामगाराने आठवड्याला ४ पेन्स भरावयाचे, मालकाने ३ आणि सरकारने २. "चार द्या, नऊ घ्या" असा त्याचा प्रचार झाला. काही ठराविक उद्योगांतील कामगारांना बेकारीसाठीही विमा मिळाला. मात्र हा विमा कामगाराचा होता, कुटुंबाचा नव्हता. बायकामुले आजारी पडली तर त्यांचा खर्च त्यांच्यावरच.

ऐपतीची तपासणी

१९३१ मध्ये जागतिक मंदीच्या काळात सरकारने बेकारांच्या मदतीवर नवीन अट घातली. विम्याची मुदत संपलेल्या बेकाराला पुढील मदत हवी असेल, तर त्याच्या घरातील सर्वांची मिळकत तपासली जाईल. मुलगी गिरणीत जाते? तिचा पगार वजा. म्हाताऱ्या आईचे निवृत्तिवेतन आहे? तेही हिशेबात. तपासनीस घरी येत. घरातील सामान विकून झाले आहे का, हे पाहत. याचा परिणाम असा झाला की कमावती मुले घर सोडून गेली. निदान कागदोपत्री तरी गेली. कारण ती घरात राहिली तर बापाची मदत तुटत होती. मदतीचा कायदाच घर फोडू लागला.

हा भाग वर्गात वाचला जात असताना मागे बसलेल्या एका कार्यकर्त्याने विचारले, "म्हणजे आपल्या आजींना खिडकीवर विचारले तोच प्रश्न ना हा?" होय, तोच.

उत्तर इंग्लंडमधील जॅरो या गावातील जहाजे बांधण्याचा कारखाना बंद पडल्यावर तेथे जवळजवळ सारे गावच बेकार झाले. ऑक्टोबर १९३६ मध्ये तेथील २०० माणसे पायी लंडनला निघाली. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन काही अंतर त्यांच्याबरोबर चालल्या. संसदेने त्यांचा अर्ज स्वीकारला, पण हाती काही पडले नाही. उलट मोर्चात असताना तुम्ही कामासाठी उपलब्ध नव्हता, असे कारण दाखवून त्यांची मदत कापण्यात आली.

बेव्हरिज अहवाल

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, डिसेंबर १९४२ मध्ये, बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. नाव अगदी रुक्ष होते : सामाजिक विमा व संलग्न सेवा. तरीही तो विकत घेण्यासाठी लंडनमध्ये रांगा लागल्या, आणि संक्षिप्त आवृत्ती धरून त्याच्या सहा लाखांवर प्रती खपल्या. सरकारी अहवालाच्या नशिबी असे भाग्य क्वचितच येते!

देशाच्या प्रगतीच्या वाटेवर पाच महाकाय शत्रू उभे आहेत, असे बेव्हरिज यांनी मांडले : अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी. (मराठीत काहीजण येथे 'पाच राक्षस' असा शब्द योजतात. महात्मा फुल्यांनी राक्षस या शब्दाचे नाते 'रक्षक' या शब्दाशी जोडले आहे, हे ध्यानात घेऊन आम्ही तो शब्द टाळला आहे.) यांपैकी अभावाशी लढण्यासाठी त्यांनी योजना सुचविली. प्रत्येक कामगाराने एकसारखी वर्गणी भरावी आणि आजारपण, बेकारी, वार्धक्य, वैधव्य यांपैकी काहीही ओढवले तरी ऐपत न तपासता एकसारखी रक्कम मिळावी. वर्गणी भरली आहे, म्हणून मागणे हा हक्क आहे.

१९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष सत्तेवर आला आणि ॲटली पंतप्रधान झाले. पुढील तीन वर्षांत या योजनेचा बराच भाग प्रत्यक्षात उतरला. राष्ट्रीय विम्याचा नवा कायदा १९४६ मध्ये झाला. ५ जुलै १९४८ या एकाच दिवशी तो विमा आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्युरिन बेवन हे खाणकामगाराचे पुत्र होते व स्वतः खाणीत राबले होते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुना गरिबांचा कायदा रीतसर संपविला.

कुटुंब भत्त्याची हकिकत येथे थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. एलिनॉर रॅथबोन या खासदार बाई सुमारे पाव शतक एकच मागणी करीत होत्या : मुले वाढविणे हेही काम आहे, त्यासाठी आईच्या हाती पैसे द्या. १९४५ मध्ये विधेयक आले, परंतु त्यात पैसे बापाच्या नावावर होते. असे असेल तर मी माझ्याच मागणीच्या विरुद्ध मत देईन, अशी भूमिका रॅथबोन यांनी घेतली. अखेर सभागृहाने दुरुस्ती केली व भत्ता आईच्या नावे झाला. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. रॅथबोन त्या आधीच, जानेवारी १९४६ मध्ये, वारल्या होत्या.

बेव्हरिज यांच्या योजनेत उणिवाही होत्या. विवाहित स्त्री ही नवऱ्यावर अवलंबून, असे त्यांनी गृहीत धरले. जन्मतः अपंग असलेला माणूस वर्गणी कोठून भरणार, याचा पुरेसा विचार नव्हता. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांचे नावही नव्हते. अशांसाठी १९७६ मध्ये भत्ता सुरू झाला. मात्र विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले गेले. त्या तशाही घरीच असतात, हा त्यामागील विचार! जॅकलीन ड्रेक या विवाहित बाईंनी अपंग आईच्या सेवेसाठी नोकरी सोडली होती. त्यांचे प्रकरण युरोपियन न्यायालयापर्यंत गेले व १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. तेव्हा कोठे हा भत्ता विवाहित स्त्रियांना मिळू लागला.

आजची रचना आणि तिच्या भेगा

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी आजच्या मदतीचे तीन प्रकार सांगता येतील. काही मदत वर्गणीवर मिळते. राष्ट्रीय विम्याची किमान १० वर्षे भरली तर निवृत्तिवेतन सुरू होते, ३५ वर्षे भरली तर नव्या पद्धतीचे पूर्ण मिळते. २०२५-२६ मध्ये ते आठवड्याला २३०.२५ पौंड होते. काही मदत गरजेवर मिळते, तेथे वर्गणी अथवा ऐपत पाहत नाहीत. अपंगत्वामुळे येणाऱ्या जादा खर्चासाठीचा भत्ता या वर्गात मोडतो. तिसरी मदत ऐपत तपासून मिळते, आणि भेगा आहेत त्या मुख्यतः येथे.

२०१२ च्या कायद्यानुसार सहा निरनिराळ्या मदती एकत्र करून 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही योजना करण्यात आली व २०१३ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. सुटसुटीतपणा हा तिचा हेतू चांगलाच होता. परंतु अर्ज संगणकावरून भरावयाचा आणि पहिला हप्ता साधारण पाच आठवड्यांनी. ज्याच्या घरात पाच दिवसांचे धान्य नाही, त्याने पाच आठवडे काय करावे? उचल मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. धर्मादाय धान्यवाटप केंद्रे तेथे या शतकात वाढली, त्याचे हे एक कारण सांगितले जाते. ट्रसेल या एका संस्थेच्या जाळ्यातूनच २०२३-२४ या वर्षात ३१ लाखांवर धान्याची पाकिटे वाटली गेली. जगातील मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी एका देशातील ही गोष्ट आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे हे निम्मे उत्तर.

एप्रिल २०१७ पासून तिसऱ्या व पुढील मुलासाठी या योजनेतील रक्कम बंद करण्यात आली होती. ती अट एप्रिल २०२६ पासून काढण्याचे नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. थंडीतील इंधनासाठी सर्व वृद्धांना मिळणारी रक्कम २०२४ मध्ये केवळ अतिगरिबांपुरती ठेवली गेली आणि सुमारे एक कोटी वृद्ध तिला मुकले. ओरड झाल्यावर २०२५ मध्ये वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ती पुन्हा देण्याचे ठरले. यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. गरीब वृद्धांसाठी तेथे पूरक वेतन आहे; ते ज्यांना मिळू शकते त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ते मागतच नाहीत, असा सरकारी अंदाज आहे. कोणाला माहिती नसते, कोणाला कागदपत्रांचा कंटाळा, आणि कित्येकांना लाज. वर्कहाउस जाऊन पाऊणशे वर्षे झाली तरी लाज गेली नाही.

शुश्रूषा भत्त्याचे तर विचारू नये. आठवड्याला किमान ३५ तास सेवा करणाऱ्यास तो मिळतो. मात्र बाहेरची मिळकत ठराविक मर्यादेपेक्षा एका पौंडाने वाढली तरी त्या आठवड्याचा संपूर्ण भत्ता जातो. अशी किरकोळ चूक कित्येक वर्षे कोणी सांगितली नाही आणि मग हजारो पौंडांची वसुली एकदम निघाली, असे अनेकांचे झाले. २०२४ मध्ये याचा मोठा गवगवा झाला.

मग या व्यवस्थेत माणूस तगतो कसा? दोन गोष्टींमुळे, असे आमचे मत झाले आहे. एक म्हणजे अपिलाची सोय. अपंगत्व भत्ता नाकारलेल्यांपैकी जे न्यायाधिकरणापर्यंत जातात, त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांच्या बाजूने निकाल लागत आला आहे. दुसरी म्हणजे मोफत सल्ला केंद्रे. महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये 'सिटिझन्स ॲडव्हाइस' ही चळवळ सुरू झाली, ती आजही चालू आहे. स्वयंसेवक टेबल टाकून बसतात, अर्ज वाचून दाखवितात, नियम सांगतात, पत्र लिहून देतात. आपल्या संस्थेला अनुकरण करावयाचे असेल तर ते या गोष्टीचे करता येईल. त्याला निधी फारसा लागत नाही.

आपली जी मुले-मुली तिकडे शिकण्यास वा नोकरीस जाणार आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की बहुतेक तात्पुरत्या परवान्यांवर सरकारी निधीतून मदत घेण्यास मनाई असते. परिचारिका म्हणून गेलेली मुलगी राष्ट्रीय विमा भरते, कर भरते, पण नोकरी गेली तर युनिव्हर्सल क्रेडिटवर तिचा हक्क नाही. आरोग्य सेवेसाठीही बहुतेक परवान्यांवर वेगळा आकार आधीच भरावा लागतो. कल्याणकारी राज्याच्या दाराशी अशी पाटी असते, हे जाण्यापूर्वी माहीत असावे.

बाबासाहेब आणि कामगार विमा

बेव्हरिज अहवाल निघाला त्याच वर्षी, जुलै १९४२ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका त्यांनी मांडली होती. मजूर खाते त्यांच्याकडे असतानाच, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामगाराची वर्गणी, मालकाची वर्गणी आणि आजारपणात हक्काने उपचार, ही तिची घडण. आमच्या वस्तीतील गिरणीतून निवृत्त झालेले जुने लोक ज्याला 'ईएसआयचा दवाखाना' म्हणत, तो याच कायद्याचा. घरकाम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या लोकांपर्यंत मात्र तो कायदा पोहोचला नाही. आणि आमच्या वर्गातील निम्म्या मुलांचे आईवडील तेच काम करतात.

वर्ग संपल्यावर त्या विद्यार्थिनीने आजींच्या घरी जाऊन कागद पुन्हा पाहिले. मुलाची शिधापत्रिका वेगळी आहे, ती पूर्वीच्या अर्जाला जोडलेलीच नव्हती. तिने अर्ज नव्याने भरला, पोचपावती घेतली, आणि खिडकीवर आजींच्या शेजारी स्वतः उभी राहिली. ही स्मरणिका छापावयास जाईपर्यंत अर्जाचा निकाल आलेला नाही. पोचपावतीची एक प्रत संस्थेच्या फायलीत ठेवली आहे.